‘१००% इको-फ्रेंडली’ छापायचंय? आधी पाकीट उलटून बघा

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं उसाच्या बगॅसपासून (रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून) ताटल्या, वाट्या आणि झाकणाचे डबे बनवणारं छोटं युनिट आहे. पाकिटासाठी डिझायनरने मजकूर दिलाय: ‘१००% इको-फ्रेंडली. बायोडिग्रेडेबल. केमिकल-फ्री. प्लॅस्टिक-फ्री. कार्बन न्यूट्रल. झाडं वाचवा, धरती वाचवा.’ एका सुपरमार्केटच्या खरेदी विभागाने प्रत्येक दाव्याचा पुरावा मागितलाय, आणि अमेरिकेतल्या एका आयातदाराने ‘फ्लोरिनचा रिपोर्ट’ हवाय म्हणून कळवलंय. बहिणीचा सेंद्रिय गूळही याच ब्रँडखाली विकायचा विचार आहे. काय ठेवायचं, काय काढायचं, आणि छापून आलेल्या पाकिटांचं काय करायचं?

ताई, सरळच सांगतो. या सहापैकी एकही ओळ आहे तशी ठेवता येणार नाही. पण म्हणून पाकीट कोरं ठेवा असंही नाही. तुमच्या मालाबद्दल खरं आणि विक्रीला उपयोगी पडेल असं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, डिझायनरने नेमकं तेच गाळलंय. पॅकेजिंग आणि लेबल तपासून देणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे हा मजकूर मला तोंडपाठ आहे. ताटली असो, साबण असो की कापडी पिशवी, शब्द तेच असतात.

सगळ्यात सोप्या ओळीपासून सुरू करू. तुमच्या फोटोत ताटल्यांचा गठ्ठा पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळलेला दिसतो आणि ‘प्लॅस्टिक-फ्री’ ही अक्षरं त्याच फिल्मवर छापलेली आहेत. फिल्म प्लॅस्टिकची आहे. ताटलीत प्लॅस्टिक नसेलही, पण गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्यांदा येतं ते पाकीट. दावा नक्की कशाबद्दल आहे, पूर्ण वस्तूबद्दल, तिच्या एखाद्या भागाबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल की वेष्टनाबद्दल, हे स्पष्ट केलंच पाहिजे. तेव्हा असं लिहा: ‘ताटलीत प्लॅस्टिकचा थर नाही. वरचं वेष्टन प्लॅस्टिकचं आहे, ते सुक्या कचऱ्यात द्या.’ डिझायनर नाक मुरडेल, मुरडू दे. वेष्टन कागदी पट्टीचं केलंत तर दुसरं वाक्य आपोआप जाईल.

झाकणाच्या डब्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना आतून पीएलएचा थर आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. पीएलए मक्यासारख्या पिकातल्या स्टार्चपासून बनतं, म्हणून ‘हे प्लॅस्टिक नव्हेच’ असं बाजारात छातीठोकपणे सांगितलं जातं. ते प्लॅस्टिकच आहे, कंपोस्टेबल जातीचं. आणि आपल्याकडच्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टेबल प्लॅस्टिकचा माल आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसावा लागतो, शिवाय विक्रीला काढण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ताटलीसाठी मिळालेला रिपोर्ट डब्याला चालत नाही. थर असेल तर डब्यांचं लेबल वेगळं करा, किंवा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत डबे या मजकुराखाली विकू नका.

आता हे सगळं कोण विचारतं, तेही एकदा सांगून टाकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्रीन, इको-फ्रेंडली, नैसर्गिक, सेंद्रिय, सस्टेनेबल, कार्बन न्यूट्रल असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. सोबत नेमकं स्पष्टीकरण, पुरावा आणि खुली माहिती लागते. माहिती पाकिटावर मावत नसेल तर क्यूआर कोडमागे ठेवली तरी चालते. कंपोस्टेबल, रिसायकलेबल, प्लॅस्टिक-फ्री, अमुक-मुक्त अशा नेमक्या दाव्यांना प्रमाणपत्र, भरवशाचा शास्त्रीय पुरावा किंवा तपासून बघता येईल असा स्वतःचा पुरावा लागतो. हे उत्पादकाला लागू आहे, व्यापाऱ्याला आहे, जाहिरात बनवणाऱ्याला आणि ती तोंडाने सांगणाऱ्यालाही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. याखेरीज जाहिरात क्षेत्राची मुंबईतली स्वनियामक संस्था एएससीआय हिचेही पर्यावरणीय दाव्यांचे नियम १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. सुपरमार्केटवाले खडूस म्हणून पुरावा मागत नाहीत. उद्या तक्रार झाली तर विचारणा त्यांच्याकडेही येऊ शकते.

हिरवा रंग आणि पानाचं चित्र यांना मात्र घाबरू नका. नुसती रंगसंगती किंवा चित्र म्हणजे गुन्हा नाही, जोवर त्यातून फसवणूक होत नाही. तुमच्या आर्टवर्कमध्ये उजव्या कोपऱ्यात पानाभोवती गोल शिक्का आहे आणि त्यावर ‘सर्टिफाइड ग्रीन’ लिहिलंय, तो काढा. कोणी सर्टिफाय केलं? डिझायनरने. सरकारची इकोमार्क योजना १९९१ पासून आहे, तिचं चिन्ह मातीचं मडकं आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. असे खरे शिक्के असताना घरचा शिक्का मारणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.

‘केमिकल-फ्री’ ही मला सगळ्यात धोकादायक ओळ वाटते. आयातदाराचा फ्लोरिनचा प्रश्नही इथेच सुटतो.

आपल्याकडे ताटलीची परीक्षा घेतो तो तांबडा रस्सा. वर लाल तर्री, वाफाळता, आणि जेवणारा माणूस गप्पा मारत अर्धा तास बसणार. बगॅसचा धागा मुळात तेल आणि पाणी दोन्ही पितो. नुसता लगदा साच्यात दाबून केलेली ताटली पाच-दहा मिनिटांत खालून ओली व्हायला लागते. म्हणून लगदा टाकीत घोटतानाच त्यात दोन गोष्टी जातात. पाणी अडवण्यासाठी सायझिंग, म्हणजे धाग्याला पाणी पिऊ न देणारं रसायन, बहुतेक ठिकाणी एकेडी नावाचं. आणि तेल अडवण्यासाठी वेगळ्या कॅनमधून येणारं ‘ऑइल रिपेलंट’. हा दुसरा कॅन तुमच्या युनिटमध्ये कुठे ठेवलाय ते बघा आणि त्याचं लेबल वाचा. पुष्कळदा त्यावर नुसतं व्यापारी नाव आणि आकडा असतो. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवा आणि ‘यात फ्लोरिनयुक्त घटक आहे की नाही’ याचं लेखी उत्तर घ्या. फोनवर ‘नाही हो मॅडम, एकदम फूड ग्रेड आहे’ हे उत्तर धरायचं नाही. फूड ग्रेड आणि फ्लोरिन-मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? तेल अडवणारी जुनी, स्वस्त आणि हमखास चालणारी रसायनं पीएफएएस नावाच्या कुळातली आहेत. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की माती, पाणी, जिवाणू कोणालाही तो सहजी तुटत नाही. म्हणजे ताटली कुजते, खत होतं, आणि हे रसायन त्या खतातून शेतात जाऊन बसतं. ज्या ताटलीवर ‘निसर्गात परत’ असं लिहायचं, तिनेच निसर्गात कायमचं काहीतरी सोडून यायचं. म्हणूनच कंपोस्टेबल पॅकेजिंगच्या ईएन १३४३२ या युरोपियन मानकात फ्लोरिनची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून वनस्पतीजन्य धाग्यांच्या अन्न पॅकेजिंगमध्ये पीएफएएसवर बंदी घातली, तिथेही एकूण सेंद्रिय फ्लोरिनची रेषा १०० पीपीएमचीच आहे. युरोपचा नवा पॅकेजिंग कायदा १२ ऑगस्ट २०२६ पासून याहून कडक मर्यादा लावतो. तुमचा आयातदार जे मागतोय ते हेच: तयार ताटलीतल्या एकूण फ्लोरिनची प्रयोगशाळेत केलेली चाचणी. लगद्याच्या शीटची चाचणी नको, रसायन नंतर पडतं.

पैसे घालवायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. ताटलीवर खाद्यतेलाचा एक थेंब टाका. थेंब पसरला, हळूहळू मुरला, तर फ्लोरिनचा संशय कमी. मोत्यासारखा गोल उभा राहिला आणि ताटली तिरकी केल्यावर घरंगळला, तर तो कॅन नक्की तपासायला हवा. हा पुरावा नव्हे, नुसता इशारा आहे. पण प्रयोगशाळेत कोणता बॅच आधी पाठवायचा हे यावरून ठरवता येतं.

चाचणीत फ्लोरिन नाही निघालं तर ‘केमिकल-फ्री’ लिहू नका, एकेडी आहेच. लिहा: ‘तेल अडवण्यासाठी पीएफएएस वापरलेलं नाही. एकूण फ्लोरिन चाचणीचा अहवाल क्यूआर कोडवर.’ आणि फ्लोरिन निघालं तर रसायन बदला, ताटलीची तेल धरायची ताकद थोडी कमी होईल हे मान्य करा आणि तेही पाकिटावर छापा. स्वतः चाचणी घ्या: ठराविक तापमानाचा रस्सा, ठराविक मात्रा, किती मिनिटांनी खालचा टिश्यू ओला होतो ते लिहून ठेवा. ‘गरम, तेलकट पदार्थ २० मिनिटांपर्यंत’ असं निघालं तर तसंच छापा. केटरर मंडळींना ‘धरती वाचवा’पेक्षा या ओळीत जास्त रस असतो. पंगत कशी लावायची, ताटल्या दुहेरी घ्यायच्या की एकेरी, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.

कच्चा माल वनस्पतीचा आहे म्हणजे तयार वस्तूही तशीच निर्मळ, हा समज इतर धंद्यांतही महागात पडलाय. अमेरिकेत २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या साखळ्यांनी रेयॉनचं कापड ‘बांबू’ म्हणून, पर्यावरणाला चांगलं म्हणून विकल्याचं प्रकरण झालं आणि अनुक्रमे ३० लाख आणि २५ लाख डॉलर दंडावर मिटलं. बांबूपासून रेयॉन करता येतं, पण ते करताना घातक रसायनं लागतात, आणि तयार होतं ते रेयॉन, बांबू नव्हे. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर गणपतीच्या दिवसांत रस्तोरस्ती ‘इको-फ्रेंडली मूर्ती’चे फलक लागतात. मूर्ती शाडूची असते, पण अंगावर ऑइल पेंट, वर चमकी, पाठीला चिकटवलेले खडे. माती खरी, दावा अर्धाच खरा. तिथेही ‘शाडूची माती, पाण्यात विरघळणारे नैसर्गिक रंग’ असं भागागणिक सांगणारा मूर्तिकारच ताठ मानेने बोलू शकतो.

‘बायोडिग्रेडेबल’कडे येऊ. कुठे कुजतं आणि किती दिवसांत कुजतं हे सांगितल्याशिवाय हा शब्द अर्धवट आहे. कधी ना कधी तर लाकडी दरवाजाही कुजतोच. आयएसओ १७०८८ मध्ये अट अशी की साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या नियंत्रित कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत ९० टक्के भागाचं जैविक विघटन व्हावं आणि १२ आठवड्यांत तुकडे इतके बारीक व्हावेत की दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरू नयेत. ५८ अंश म्हणजे मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता. घरच्या कुंडीत ती मिळत नाही. आणि मंगल कार्यालयातून निघालेली ताटली बहुतेक वेळा जाते ती कचरा डेपोवर, ढिगाखाली, जिथे हवा नाही. तिथे कुजण्याचा वेग वेगळा, आणि कुजताना मिथेन निघतो तो वेगळाच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाची २०१२ ची मार्गदर्शिका याबाबत चांगली कसोटी देते: वस्तू नेहमी जिथे टाकली जाते तिथे ती वर्षभरात पूर्ण विघटित होत नसेल, तर बिनशर्त ‘डिग्रेडेबल’ म्हणू नका. तो नियम इथे लागू नाही, पण लेबल लिहिताना मी तो डोक्यात ठेवतो.

तुमच्या लगद्याच्या पुरवठादाराने दिलेला रिपोर्ट मी वाचला. रिपोर्ट कसा वाचायचा ते यावरूनच सांगतो, कारण असे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरतात. पहिल्या पानावर ग्राहक म्हणून पुरवठादाराचं नाव आहे, तुमचं नाही. नमुन्याच्या रकान्यात ‘बगॅस पल्प शीट, अनब्लीच्ड’ असं आहे. तुमची ताटली ब्लीच केलेल्या पांढऱ्या लगद्याची आहे, वर सायझिंग आणि रिपेलंट पडलेलं आहे. म्हणजे वेगळी वस्तू. पद्धत म्हणून आयएसओ १४८५५ लिहिलंय. ही तपासायची पद्धत झाली, उत्तीर्ण होण्याची अट नव्हे. ती १७०८८ किंवा १३४३२ मध्ये असते. चाचणी ४५ दिवसांची आहे आणि आकडा ९० टक्क्यांच्या खाली आहे. पूर्ण मुदतीची चाचणी झालेलीच नाही. जाडी कुठे दिलेली नाही, आणि जाड वस्तू पातळ वस्तूपेक्षा हळू कुजते. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे, पण ती नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हे मान्यतेच्या यादीत जाऊन बघावं लागतं. रिपोर्ट खोटा नाही. तो तुमच्या ताटलीबद्दल काही सांगत नाही एवढंच. सुपरमार्केटने हाच कागद परत पाठवला असता.

तयार ताटलीची पूर्ण चाचणी सहा महिन्यांची आहे आणि स्वस्त नाही. सिपेटसारख्या (प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची केंद्र सरकारी संस्था) संस्थेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत होते. सगळ्या आकारांच्या वेगवेगळ्या चाचण्या लागतीलच असं नाही. रेसिपी एकच असेल तर सर्वांत जाड वस्तूची चाचणी बाकीच्यांना आधार देऊ शकते, पण हे प्रयोगशाळेशी आधीच लेखी ठरवून घ्या. शिवाय शेतीच्या उपपदार्थांपासून बनवलेल्या जेवणाच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये आयएस १८२६७ हे मानक आणलंय. तुमचा माल त्याच्या व्याख्येत आणि अटीत बसतो का ते तपासा. त्यात रसायनं, रेझिन, चिकटद्रव्यं यांबाबत कडक भूमिका आहे, तेव्हा एकेडीचा प्रश्न तिथेही येणार.

तोवर काय? तोवर स्वतःची चाचणी करा आणि ती तशीच सांगा. युनिटमागे शेणखताचा ढीग आहे म्हणालात. ताटल्या फाडून आणि अख्ख्या, दोन्ही प्रकारे पुरा. आठवड्याला एकदा उकरून फोटो, ढिगाचं तापमान, तारीख, पाणी कधी मारलं, सगळं एका वहीत. मग लिहिता येईल: ‘आमच्या आवारातल्या ओलसर शेणखताच्या ढिगात फाडून पुरलेली ताटली अमुक आठवड्यांत ओळखू येईनाशी झाली. घरच्या कुंडीत किंवा कचरा डेपोत वेळ वेगळा लागू शकतो.’ यात ‘प्रमाणित’ हा शब्द आणायचा नाही आणि ‘पूर्ण विघटन’ही म्हणायचं नाही, कारण डोळ्यांना दिसेनासं होणं म्हणजे विघटन पूर्ण होणं नव्हे.

तुमच्या भाच्याने केलेली रील मी पाहिली. ‘मातीत टाका, ३० दिवसांत गायब!’ छान चित्रित केलीय, पण ती आजच काढायला सांगा. इन्स्टाग्रामवरची रील ही जाहिरातच धरली जाते. त्याऐवजी त्याला हा खताचा ढीगच शूट करू दे, दर आठवड्याला. ते जास्त लोक बघतील असं मला वाटतं, पण तो माझा प्रांत नाही.

‘१००% इको-फ्रेंडली’बद्दल फार बोलण्यासारखं नाही. अशा सरसकट दाव्याचा अर्थ होतो की उसापासून डेपोपर्यंत कुठेच पर्यावरणाला धक्का नाही. ऊस किती पाणी पितो हे महाराष्ट्रात कोणाला सांगायची गरज नाही. लगदा घोटायला पाणी, प्रेस तापवायला वीज, ट्रकला डिझेल. काढून टाका. ‘जास्त इको-फ्रेंडली’ असंही नको, कारण मग ‘कशापेक्षा?’ याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागेल.

‘झाडं वाचवा’मध्ये तीच गोम आहे. कागदी ताटलीशी तुलना असेल तर तसं लिहा आणि आधार द्या. थर्माकोलशी असेल तर झाडांचा संबंधच नाही, आणि थर्माकोलची ताटली महाराष्ट्रात २०१८ पासून, देशभर १ जुलै २०२२ पासून बंदच आहे. कायद्याने जे विकताच येत नाही ते आमच्यात नाही, ही बढाई मारायची गोष्ट नव्हे. ‘थर्माकोल-मुक्त’ असा शिक्का दुसऱ्या डिझाइनवर दिसला, त्यालाही हेच लागू.

ब्रोशरमध्ये एक ओळ आहे: ‘कचऱ्यातून सोनं – जाळला जाणारा बगॅस आम्ही वाचवतो.’ ही ओळ मला आवडली, पण कारखान्यातला माणूस वाचेल तर हसेल. उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बगॅस निघतो आणि कारखाने तो बॉयलरला जाळून वाफ आणि वीज करतात, उरलेली वीज विकतात. म्हणजे तो कचरा नाहीच, इंधन आहे. तुम्ही बगॅस उचलल्यावर कारखान्याने त्या जागी दुसरं काही जाळलं, समजा कोळसा, तर हिशेब उलटाही होऊ शकतो. तुमचा कारखाना शिल्लक बगॅस विकत असेल तर त्यांच्याकडून तसं पत्र घ्या आणि लिहा: ‘उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून.’ एवढं पुरे. हे वाक्य कोणीही खोडू शकत नाही, आणि आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं.

‘कार्बन न्यूट्रल’ आत्ताच खोडा. त्यासाठी आधी मोजमाप हवं, कशापासून कशापर्यंत मोजलं ते हवं, काय कमी केलं आणि काय कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने दुसरीकडे केलेली कपात) विकत घेऊन भागवलं ते वेगवेगळं दाखवायला हवं. यातलं काहीच झालेलं नाही. नुसती क्रेडिट घेऊन वस्तूला कार्बन न्यूट्रल म्हणायला युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून बंदी येते, तेव्हा या रस्त्यावर पैसा घालूच नका. त्याऐवजी छतावरचं सोलर पॅनल आहे ना तुमच्याकडे? वर्षभराची बिलं काढा आणि ‘युनिटच्या विजेपैकी अमुक टक्के सोलरची, अमुक आर्थिक वर्ष’ असं लिहा. झाडं लावायचा बेत असेल तर ‘प्रत्येक पाकिटामागे एक झाड’ असं वचन देऊ नका. पावसाळ्यात किती रोपं, कुठे लावली आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर किती जगली, हे लिहायची तयारी असेल तरच बोला.

गुळाचं थोडक्यात. ‘सेंद्रिय’ हा अन्नपदार्थांवर कायद्याने बांधलेला शब्द आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत आणि प्रमाणीकरणाचे दोन रस्ते आहेत: त्रयस्थ संस्थेकडून एनपीओपी, किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करायची पीजीएस-इंडिया. छोट्या शेतकऱ्याने स्वतः थेट ग्राहकाला विकताना सूट आहे, पण सुपरमार्केटमधून विक्री म्हणजे थेट विक्री नव्हे. बहिणीकडे प्रमाणपत्र असेल तर त्याचा तपशील छापा. नसेल तर ‘रसायनविरहित’ असा आडवळणाचा शब्दही नको. ‘गूळ करताना सल्फरचा वापर नाही’ हे खरं असेल तर तेवढंच, चाचणीसह. आणि ताटलीचं आणि गुळाचं लेबल एका साच्यात घालू नका, एकाचा दावा दुसऱ्याला चिकटलेला दिसतो.

पाकिटाचा नवा मजकूर मी असा सुचवेन. मोठ्या अक्षरांत: ‘उसाच्या चोथ्यापासून बनवलेली ताटली.’ खाली: ‘ताटलीत प्लॅस्टिकचा थर नाही. तेल अडवण्यासाठी पीएफएएस वापरलेलं नाही. गरम, तेलकट पदार्थ २० मिनिटांपर्यंत. वापरानंतर फाडून ओल्या कचऱ्यात द्या किंवा खताच्या ढिगात पुरा. वरचं वेष्टन सुक्या कचऱ्यात. चाचणी अहवाल आणि कुजण्याच्या नोंदी: क्यूआर.’ मिनिटं तुमच्या चाचणीतली घाला, आणि पीएफएएसची ओळ रिपोर्ट आल्यावरच.

क्यूआरमागे जे ठेवाल तीच तुमची फाईल. प्रत्येक वाक्यापुढे एक कागद: पुरवठादाराचं पत्र, फ्लोरिन रिपोर्ट, रस्सा चाचणीची वही, ढिगाचे फोटो, विजेची बिलं. कागदावर तारीख आणि बॅच हवा. लगद्याचा पुरवठादार बदलला, किंवा तो रिपेलंटचा कॅन बदलला, की फ्लोरिनची चाचणी परत. हे विसरलं जातं. पहिली चाचणी उत्तम येते, वर्षभराने खरेदीतला कोणी स्वस्त कॅन आणतो, आणि पाकिटावरची ओळ तशीच चालू राहते. खरेदी करणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून दाखवा आणि कॅन बदलताना तुम्हाला विचारायला सांगा.

छापून आलेल्या पाकिटांचं: फिल्मचा रोल फेकू नका, पण आहे तसा वापरूही नका. समोरच्या सहा ओळी एका पट्ट्यात आहेत, त्यावर बसेल असं अपारदर्शक स्टिकर छापून घ्या, नवा मजकूर त्यावरच. स्टिकर असा चिकटवा की एमआरपी, बॅच आणि उत्पादनाची तारीख झाकली जाणार नाही. गोल शिक्क्यासाठी वेगळं छोटं स्टिकर लागेल. वेबसाइट आणि ऑनलाइन लिस्टिंग यांत बदल फुकट होतो, ते आज रात्री करा. वितरकांकडे गेलेल्या मालासाठी स्टिकरचे गठ्ठे कुरिअरने पाठवा, सोबत दोन ओळींचं पत्र, आणि पत्राची पोच फाईलला लावा. सुपरमार्केटला मात्र स्टिकरचा माल देऊ नका. त्यांना सांगा की फ्लोरिनचा रिपोर्ट आल्यावर नव्या छपाईचं पाकीट देतो, आणि तोवर नव्या मजकुराचा नमुना मंजुरीसाठी पाठवून ठेवा.